साइट उघडत नाही? आधी बिघाड कुठे आहे ते शोधा

साइट उघडली नाही की हात आधी राउटरच्या बटणाकडे जातो. कधी कधी त्याने भागतंही. पण बिघाड कुठे होता ते कळत नाही आणि दोन दिवसांनी पुन्हा तीच रड. त्यापेक्षा जवळून लांब असं तपासत जावं.

१. दुसरी एखादी साइट उघडून पाहा. मग बंद असलेली साइट फोनवर, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर उघडा. तिथे उघडली तर साइट ठीक आहे, अडचण तुमच्याकडे. तिथेही नाही, तर बहुधा त्यांचाच सर्व्हर झोपलाय. थांबा.

२. कमांड प्रॉम्प्ट (विंडोज) किंवा टर्मिनल (मॅक, लिनक्स), म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. आज्ञा रोमन लिपीत आणि आकडे इंग्रजी टाइप करायचे. 'पिंग' (समोरचा संगणक उत्तर देतो का ते पाहणारी आज्ञा) लिहून जागा सोडा आणि ८.८.८.८ द्या. हा गूगलचा डीएनएस सर्व्हर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता (आकड्यांतला पत्ता) शोधून देणारा. उत्तर आलं तर इंटरनेट चालू आहे. नाही आलं तर राउटरच्या पत्त्याला पिंग करा. विंडोजमध्ये 'आयपीकॉन्फिग' तो 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून दाखवतं. राउटर बोलतोय पण पुढे काही जात नाही? सेवा देणाऱ्या कंपनीला फोन लावा.

३. ८.८.८.८ उत्तर देतो, साइट मात्र नाही? मग संशय डीएनएसवर. 'एनएसलुकअप' आणि साइटचं नाव द्या. पत्ता मिळाला नाही तर त्याच ओळीच्या शेवटी १.१.१.१ (क्लाउडफ्लेअर कंपनीचा डीएनएस सर्व्हर) जोडून पुन्हा विचारा. आता मिळाला, तर तुमचा नेहमीचा डीएनएस सर्व्हर बिघडलाय. सेटिंगमध्ये तो बदला.

४. इथे बरेच जण फसतात. साइटला पिंग केलं, उत्तर नाही, म्हणून ती बंद असं ठरवतात. अनेक सर्व्हर पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत, साइट मात्र धडधाकट असते. खरी परीक्षा 'कर्ल' (साइटच्या सर्व्हरला थेट विचारणारी आज्ञा) घेतं: त्यापुढे जागा सोडून वजा चिन्ह, त्याला चिकटून मोठा आय, मग साइटचा पूर्ण पत्ता. उत्तरात २०० हा आकडा आला तर सर्व्हर ठीक, ब्राउझर तपासा. ५०२ किंवा ५०३ आलं तर दोष त्यांचा. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची तक्रार आली तर आधी स्वतःच्या संगणकाची तारीख पाहा. हसू नका, चुकीच्या तारखेनेही साइट अडते.

५. कर्ललाही उत्तर मिळालं नाही तर 'ट्रेसरूट' चालवा. विंडोजमध्ये त्याचं नाव 'ट्रेसर्ट'. वाटेतला एकेक राउटर दिसतो. मधेच तारका (उत्तर न आल्याची खूण) दिसल्या आणि पुढचे टप्पे आले, तर काळजी नको. एका टप्प्यानंतर शेवटपर्यंत तारकाच असतील, तर तिथे किंवा त्याच्या पुढे काहीतरी अडलंय, किंवा नुसती फायरवॉल (नको ती रहदारी अडवणारी यंत्रणा) गप्प आहे. तक्रार करताना हे सगळं वेळेसकट चिकटवून पाठवा.