प्रवासातल्या होजिअरी कपड्यांच्या आत काय घालावं?

होजिअरीचं कापड अंगाबरोबर वळतं, त्यामुळे आतली प्रत्येक शिवण, प्रत्येक लेस वर उमटते. म्हणून शिवण नसलेली, सपाट कडांची अंतर्वस्त्रं निवडा. फिक्या कपड्याखाली पांढरं नकोच. त्वचेच्या रंगाशी जुळणारं घातलं तर ते वरून दिसत नाही. सुती कापडाला वरचा कपडा चिकटून गोळा होतो, गुळगुळीत नायलॉन-इलॅस्टेनवरून (इलॅस्टेन म्हणजे लायक्रासारखा ताणला जाणारा धागा) तो सहज सरकतो. शिवाय धुऊन टॉवेलमध्ये गुंडाळून दाबलं की हे कापड लवकर वाळतं. जांघेतला आतला पट्टा मात्र सुतीच हवा, तिथे तडजोड करू नका. माप लहान घेतलं तर इलॅस्टिक रुततं आणि वळी दिसते. निघण्याआधी भरपूर उजेडात घालून पाहा, आणि थोडा वेळ बसूनही, कारण प्रवासात तासन्‌तास बसावंच लागतं.