फॉरेन्सिक सेन्सरच्या संशोधनपदासाठी तयारी करताना या चुका टाळा

विद्यापीठाच्या प्रकल्पात ‘न्यायसहायक विज्ञानासाठी स्पेक्ट्रोस्कोपीवर आधारित सेन्सर’ (पदार्थ प्रकाश कसा शोषतो किंवा विखुरतो यावरून तो ओळखणारे साधन) अशा विषयाची जागा निघाली की सातारा-सांगलीकडचे रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेले अनेक विद्यार्थी अर्ज करतात. उपकरणांची ओळख त्यांना बऱ्यापैकी असते. अडते ते नमुन्यापाशी. हा सेन्सर शेवटी कशावर वापरायचा आहे, हा प्रश्न अर्जात मागे पडतो आणि पुढे प्रयोगातही मागेच राहतो.

आधी पदाविषयीची गल्लत दूर करावी. प्रकल्पातील संशोधकाची जागा मुदतीची असते. ती कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या शासकीय न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतली नोकरी नव्हे, आणि तिथे गुन्ह्यातील मुद्देमाल हाताळायला मिळेल असे गृहीत धरू नये. अर्जात ‘यूव्ही, एफटीआयआर, एक्सआरडी येते’ अशी तंत्रांची जंत्री देण्यापेक्षा स्वतः घेतलेल्या एकाच वर्णपटाविषयी (उपकरणातून मिळणाऱ्या प्रकाशाच्या आलेखाविषयी), त्यातले कोणते शिखर कशामुळे आले आणि ते कसे ठरवले, हे चार ओळींत लिहिलेले अधिक उपयोगी पडते. ‘कोकेन ओळखणारा सेन्सर’ असा प्रस्ताव मांडणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार असा पदार्थ संशोधनासाठीसुद्धा परवानगीशिवाय बाळगता येत नाही. परवानगी हाती नसेल तर त्या प्रस्तावाचे पहिले वर्ष कागदपत्रांतच जाते.

कीटकनाशकांचा विषय त्या मानाने जवळचा आहे. तासगाव-मिरज पट्ट्यातील द्राक्षबागांमुळे ही रसायने इकडे सर्वांच्या परिचयाची आहेत आणि त्यांच्या विषबाधेची प्रकरणे न्यायसहायक प्रयोगशाळांकडे जातात. मात्र सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. चांदीच्या नॅनोकणांवर रामन संकेत (लेसरचा प्रकाश रेणूंवरून विखुरल्याने मिळणारा, पदार्थ ओळखू देणारा क्षीण संकेत) अनेक पटींनी वाढवण्याची पद्धत विद्यार्थी ऊर्ध्वपातित पाण्यात करून पाहतात, उत्तम वर्णपट मिळतो आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात विषबाधेच्या संशयित प्रकरणात व्हिसेरा (मृताच्या पोटातील अवयवांचे नमुने) सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवून पाठवलेला असतो. सायट्रेटने स्थिर केलेल्या नॅनोकणांचे द्रावण पिवळसर असते आणि त्याचे शोषण 400 नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते; त्यात एवढे मीठ पडले की कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारे विद्युतभाराचे आवरण निष्प्रभ होते, पिवळा रंग बघता बघता करडा होतो आणि थोड्या वेळाने तळाशी साका बसतो. संकेत वाढवण्यासाठी मोजून थोडे मीठ घालतात हे खरे, पण इथे मोजण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणून आधी कीटकनाशक योग्य सेंद्रिय द्रावकात काढून घ्यावे किंवा कण घन पृष्ठभागावर बसवलेले वापरावेत, आणि बाजारातून आणलेल्या बकऱ्याच्या काळजात ज्ञात प्रमाणात कीटकनाशक मिसळून, तसेच मिठात ठेवून, मग चाचणी घ्यावी. ओळखीची किमान मर्यादाही अशाच, पण कीटकनाशक न मिसळलेल्या ब्लँकवरून काढावी. शुद्ध पाण्यातला आकडा प्रबंधात शोभतो, व्हिसेऱ्यावर त्याचा उपयोग होत नाही.

याच ओघात थायरमविषयी सांगायला हवे. या बुरशीनाशकातील गंधक चांदीला घट्ट धरतो, त्यामुळे त्याचा संकेत सहज मिळतो आणि सुरुवातीच्या सरावासाठी ते चांगलेच आहे. परंतु थायरमवर चाललेला सेन्सर इतर कीटकनाशकांवरही चालेल असा दावा मुलाखतीत करू नये.

वर्णपटात रुंद उंचवटा दिसला तर नमुन्याला दोष देण्यापूर्वी काचपट्टी पाहावी. 785 नॅनोमीटरच्या लेसरखाली साधी काचच असा उंचवटा देते. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर नमुना ठेवला की हा उंचवटा बहुधा जातो. माती किंवा कापडाच्या रंगामुळे येणारी प्रतिदीप्ती (पदार्थाने स्वतः सोडलेला, संकेत झाकणारा प्रकाश) टाळण्यासाठी 532 नॅनोमीटरच्या लेसरवरून 785 च्या लेसरवर जाणे योग्यच, फक्त विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असल्याने तेवढ्यावरूनच संकेत पावणेपाच पट घटतो, हे ठाऊक असावे. काळ्या कापडावर किंवा बंदुकीच्या दारूच्या अवशेषांवर लेसरची शक्ती अगदी कमी ठेवावी, अन्यथा पुरावाच जळतो. सिलिकॉनचे 520.5 प्रति सेंटिमीटरवरचे शिखर रोज काम सुरू करण्यापूर्वी तपासून नोंदवावे. अवरक्त वर्णपटासाठी (एफटीआयआर) नमुना मिसळून दाबलेली पोटॅशियम ब्रोमाइडची चकती वापरणाऱ्यांनी साताऱ्याच्या पावसाळ्यात 3400 प्रति सेंटिमीटरच्या आसपासचा रुंद पट्टा पाण्याचा असू शकतो, हे विसरू नये.

संगणकीय वर्गीकरणात तर फसगत नकळत होते. रक्ताच्या एकाच डागावरून घेतलेले पन्नास वर्णपट म्हणजे पन्नास नमुने नव्हेत. त्यांतले चाळीस शिकवण्यासाठी आणि दहा तपासणीसाठी वापरले, तर प्रणाली तो डागच ओळखायला शिकते आणि अचूकता फुगून दिसते. विभागणी वर्णपटांची न करता डागांची, शक्य असल्यास रक्तदात्यांची करावी. आकडा उतरेल, पण तो आकडा नव्या डागावरही टिकण्याची शक्यता असते.

निष्कर्ष लिहिताना ‘पदार्थ नाही’ आणि ‘किमान मर्यादेच्या वर आढळला नाही’ यांत गफलत करू नये. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 मध्ये तज्ज्ञाच्या मताची तरतूद आहे, आणि उलटतपासणीत अशाच वाक्यावर बोट ठेवले जाते. घटनास्थळी वापरायच्या सेन्सरचा निकाल प्राथमिक आहे आणि त्याची खातरजमा प्रयोगशाळेत व्हायची आहे, असे अहवालात स्पष्ट लिहावे. वर्णपटांच्या मूळ फायली, पार्श्वभूमी वजा करण्यापूर्वीच्या, तारीख आणि लेसरच्या शक्तीसह वेगळ्या जपाव्यात; मार्गदर्शकाने मागितल्या तर दुरुस्त केलेली प्रत सोबत द्यावी, मूळ फायलीऐवजी नव्हे.