प्रत्येक खोक्याला नवा क्लास कशाला?

जावा स्विंगमधलं (खिडक्या, बटणं, खोकी बनवायची जावाची लायब्ररी) बिलिंगचं एक जुनं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. टीममध्ये नवीन कुणी आलं की पिनकोडच्या खोक्यासाठी जे-टेक्स्टफील्ड (स्विंगचं मजकूर भरायचं खोकं) एक्स्टेंड करून, म्हणजे त्याचा वारस क्लास काढून, 'फक्त आकडेवालं फील्ड' लिहून आणतं. मी विचारतो, चुकलं की हे लाल व्हायला हवं, आणि रिकामं असताना आत पुसट सूचना दिसायला हवी, मग? तीन गुण कसेही एकत्र येणार म्हटल्यावर क्लास झाले ७. जावात एका क्लासला बाप एकच, त्यामुळे तोच कोड इकडून तिकडे चिकटवत बसायचं.

तेव्हा आधी बघायचं, की या कामासाठी घटकाने स्वतःच जागा ठेवली आहे का. स्विंगमध्ये बहुतेक वेळा असते.

आकड्यांचं काम डॉक्युमेंटफिल्टरचं; मजकूर आत जाण्याआधी तो बघतो. फील्डचं डॉक्युमेंट (त्याचा मजकूर सांभाळणारं ऑब्जेक्ट) घ्या, ते अ‍ॅबस्ट्रॅक्टडॉक्युमेंट म्हणून कास्ट करा आणि सेटडॉक्युमेंटफिल्टरने फिल्टर लावा. की-लिसनर (कळ दाबली की कळवणारा) नको, माऊसने पेस्ट केलेला मजकूर त्याला कळतही नाही. फिल्टरमध्ये इन्सर्टस्ट्रिंग एवढीच मेथड लिहून भागत नाही; टाइप केलेलं आणि पेस्ट केलेलं येतं रिप्लेसमधून. तिथे बदलानंतरचा पूर्ण मजकूर जुळवून बघा, ६ आकड्यांत बसला तरच पुढे सोडा.

इथे आपल्याकडची एक गंमत. कॅरेक्टर क्लासच्या इझडिजिटला देवनागरी आकडेही आकडेच वाटतात. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर '४११०३०' बिनतक्रार आत जातं, आणि डेटाबेसमधला कॉलम मजकुराचा असेल तर इंग्रजी आकड्यांनी शोधताना सापडत नाही. म्हणून फिल्टरमध्येच प्रत्येक अक्षर कॅरेक्टरच्याच डिजिट मेथडने बदलून घ्या.

हा फिल्टरही वारशानेच लिहायचा, हे खरं. पण त्याला खोकं माहीत नसतं. तोच जे-टेक्स्टएरियाला लागतो, आणि खिडकी न उघडता नुसत्या प्लेनडॉक्युमेंटवर तपासता येतो. मात्र एका डॉक्युमेंटला फिल्टर एकच. दुसरा लावला की पहिला गेला. दोन हवे असतील तर एकाच्या पोटात दुसरा द्या. सेटडॉक्युमेंट केलंत तर फिल्टर जुन्या डॉक्युमेंटबरोबर जातो, तेवढं ध्यानात असू द्या.

लाल बॉर्डर इनपुटव्हेरिफायरमध्ये; खोकं सोडताना तो मजकूर तपासतो. चुकीचा मजकूर असताना फोकस अडवणार, म्हणजे कर्सर खोक्याबाहेर जाऊ देणार नसाल, तर 'रद्द करा' बटणावर सेटव्हेरिफायइनपुटव्हेनफोकसटार्गेट फॉल्स करा, नाहीतर अकाउंटंट त्या खोक्यातच अडकतो आणि फोन आपल्याला येतो. पुसट सूचनेसाठी जावा ७ पासून जे-लेयर आहे: फील्ड त्यात गुंडाळायचं, वरून रंगवायचं.

बारकोडसारखं काही मुळातूनच रंगवायचं असेल, तर खुशाल जे-कंपोनंट एक्स्टेंड करा आणि पेंटकंपोनंट लिहा. तिथे दुसरी सोय शोधत बसू नका.

जुने क्लास एकदम उडवू नका. त्यांच्या कन्स्ट्रक्टरमधली फिल्टर वगैरे लावायची जोडणी एका स्टॅटिक मेथडमध्ये काढा, जुना क्लास तीच मेथड बोलावू दे. मग एकेक स्क्रीन साध्या जे-टेक्स्टफील्डवर आणा. शेवटचा वापर गेला की क्लास डिलीट.