खड्डा पुन्हा त्याच जागी का पडतो? रस्त्याच्या कामातल्या या चुका टाळा

पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७०च्या दशकात झाला, तेव्हा ठेकेदार कंपनीने दहा वर्षांची हमी दिली होती. हमी संपल्यावरही तो कित्येक पावसाळे टिकला. म्हणून ‘यंदा पाऊस जास्त झाला’ हे खड्ड्यांचं कारण मला पटत नाही. रस्त्यात पाणी मुरू दिलं, हे खरं कारण.

डांबर खडीला धरून ठेवतं. पाणी भेगेतून आत गेलं की वरून जाणाऱ्या प्रत्येक चाकाच्या दाबाने ते डांबर खडीपासून सुटत जातं, खालचा थर मऊ होतो आणि एक दिवस वरचा तुकडा उखडतो. खड्डा दिसतो तेव्हा आतली पडझड जुनी झालेली असते.

पाणी कुठून येतंय हे न पाहता खड्डा बुजवणं

ही सगळ्यात महागडी चूक. पाऊस थांबल्यावर तासाभराने तिथे जाऊन बघा. पाणी साचलेलंच असेल तर रस्त्याचा ढाळ गेलाय किंवा पावसाळी गटाराची जाळी रस्त्यापेक्षा उंच बसलीय. भर एप्रिलमध्येही जागा ओली दिसते? मग खालची पाइपलाइन गळतेय. तिथे पथ विभागाने कितीही डांबर ओतलं तरी उपयोग नाही, पाणीपुरवठा विभागाला गाठा. मगरीच्या पाठीसारख्या बारीक भेगांचं जाळं असेल तर पाया खचलाय, वरवरचं कारपेट, म्हणजे डांबराचा पातळ थर, काही महिन्यांत फाटणार. आणि रस्ता सरळ पट्ट्यासारखा दबलेला असेल तर तो चर आहे, म्हणजे पाइप किंवा केबलसाठी खोदून नीट न भरलेली जागा.

चर कसाही भरणं

पाणी, ड्रेनेज, वीज, गॅस, इंटरनेटची केबल... प्रत्येकाची खोदाई वेगळी, वेळ वेगळी. नियम साधा आहे: चर पंधरा-वीस सेंटिमीटरच्या थरांनी भरायचा, प्रत्येक थर किंचित ओला करून यंत्राने दाबायचा, त्यावर खडीचा थर आणि मग डांबर. प्रत्यक्षात निघालेली माती आणि राडारोडा एकदम लोटला जातो, वर उंचवटा ठेवला जातो, ‘गाड्या जाऊन बसेल आपोआप’ म्हणत. तो बसतो, पण पहिल्या पावसात आणि वेडावाकडा. शेजारचा चांगला रस्ताही कडेने तुटायला लागतो. दुचाकीस्वार पडतात ते बऱ्याचदा याच कडेवर.

तुमच्या गल्लीत डांबरीकरण होणार असं कळलं तर आधी एकच विचारा: खालच्या सगळ्या लाइनी झाल्या का? उत्तर मिळेपर्यंत नव्या रस्त्याचं स्वागत करू नका.

थरावर थर चढवणं

जुना थर न खरवडता नवा टाकला की रस्ता उंच होतो. चेंबरची झाकणं खोल जातात, पावसाचं पाणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरतं. मिलिंग करून, म्हणजे जुना थर यंत्राने काढून मगच नवा टाकायला हवा.

भर पावसात, घाईत पॅचवर्क

हॉटमिक्स, म्हणजे खडी आणि डांबराचं गरम मिश्रण, प्लँटमधून साधारण दीडशे अंश तापमानाला निघतं. वाटेत वाहतुकीत अडकून निवलं की रोलर फिरवूनही घट्ट बसत नाही. खड्ड्याच्या कडा चांगल्या भागापर्यंत चौकोनी कापायच्या, चिखल आणि सुटी खडी काढायची, आतला भाग कोरडा करून पातळ डांबराचा हात द्यायचा, मग माल भरून दाबायचा. पावसात कोल्डमिक्सने, म्हणजे गरम न करता वापरायच्या मिश्रणाने, वेळ भागवावी लागते, ते मान्य. पण दिवाळीनंतर तोच खड्डा नीट झाला का, हे विचारायला कोणी जात नाही. मुरूम किंवा विटांचे तुकडे टाकणं तर दुरुस्तीत धरूच नका.

सगळीकडे काँक्रीट करून टाका, असंही म्हणतात. बस थांबे आणि सिग्नलजवळ, जिथे जड गाड्या सतत ब्रेक मारतात, तिथे ते योग्यच. पण किमान दोन आठवडे पाणी मारलं नाही, सांधे वेळेत कापले नाहीत, केबलसाठी डक्ट, म्हणजे मोकळी नळी, ठेवली नाही, तर काँक्रीटलाही भेगा पडतात. आणि फोडलेलं काँक्रीट पूर्ववत करणं फार अवघड.

मोघम तक्रार करणं

‘रस्ता खराब आहे’ एवढंच लिहिलेली तक्रार ‘कार्यवाही केली’ या शेऱ्याने बंद होते. नेमकी खूण, तारखेसह फोटो आणि वर सांगितलेलं लक्षण लिहा. सोबत विचारा: काम कधी झालं, दोष दायित्व कालावधी कधी संपतो? त्या मुदतीत दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश, मागवा.

खड्ड्यामुळे अपघात झाला तर बरेच जण पोलिसांत नोंदच करत नाहीत. ही चूक करू नका. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, तर जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्या जागेचे फोटो खड्डा बुजवला जाण्याआधी काढून ठेवा, आणि पंचनामा व दवाखान्याचे कागद जपा.