सीएनसी आलं, मग नफा कुठे अडला? फर्निचर कारखानदारांनो, या चुका टाळा

सीएनसी राउटर, म्हणजे संगणकावरच्या फाइलनुसार लाकूड कापणारं मशीन, बसतो त्या दिवशी नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. सहा महिन्यांनी जाऊन बघा: मशीनवर ताडपत्री, आणि जुन्या कटरपाशी रांग. मालकाचं उत्तर ठरलेलं असतं, "पोरांना शिकायलाच नको."

मला हे फारसं पटत नाही. आधी बघा, मशीनची फाइल बनवतं कोण? अनेकदा ऑफिसातला एकच मुलगा. तो गावी गेला की मशीन बंद. शिवाय मिस्त्री नगावर काम करत असेल, तर शिकायला घालवलेला प्रत्येक तास त्याच्या मजुरीतून जातो. मग तो कशाला थांबेल? शिकण्याचे तास पगारी धरा आणि निदान दोघांना तरी फाइल दुरुस्त करायला शिकवा.

मशीन घेण्याआधी महिनाभर वाया जाणाऱ्या मालाची वही ठेवा. ८ बाय ४ ची शीट म्हणजे ३२ चौरस फूट. कटलिस्ट (शीटमधून कोणते तुकडे किती मापाचे कापायचे याची यादी) नीट लावून शीटमागे ३ चौरस फूट जरी वाचले, तरी दर अकरा शीटमागे एक शीट सुटते. आधीचा आकडाच नसेल, तर मशीनने काय दिलं हे कशावरून ठरवणार?

आता सगळ्यात महागडी चूक. पावसाळ्यात दार अडकलं, उन्हाळ्यात सांधा उघडला, की खापर मिस्त्रीवर किंवा पॉलिशवर. खरं कारण बहुधा ओल. लाकडातली ओल साधारण ३० टक्क्यांखाली उतरली की ते आकसू लागतं, आणि वाढीच्या वलयांच्या दिशेने आकसणं वलयांना आडव्या दिशेच्या जवळपास दुप्पट असतं. कोकणातल्या दमट शेडमध्ये बनलेलं टेबल पुण्यातल्या एसी ऑफिसात गेलं की हे दिसतं. वखारीतून माल आला की, कापायच्या आधी आणि पॉलिशच्या आधी, असं तीनदा मॉइश्चर मीटर लावा. (मीटर मालकाच्या ड्रॉवरमध्ये कुलपात नको. हे मी पाहिलंय.)

पण मीटर पुरत नाही. "फळी ओली आहे" असं मिस्त्री म्हणाला आणि सुपरवायझरने "उद्या डिलिव्हरी आहे, लाव" म्हणून गप्प केलं, तर पुढच्या वेळी तो बोलणारच नाही. नंतर तुम्ही कितीही सूचनापेट्या टांगा. ओली फळी बाजूला ठेवायचा अधिकार त्याला द्या, आणि डिलिव्हरी लांबली तर गिऱ्हाइकाला फोन तुम्ही करा.

नवं म्हणजे फक्त नवं डिझाइन, हाही गैरसमजच. फर्निचर कारखानदार मिखाएल थोनेटची १८५९ ची १४ नंबरची खुर्ची वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या सहा भागांची, दहा स्क्रू आणि दोन नटांवर जोडायची. सुटे भाग केले की एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत. गंमत खुर्चीत आहे तितकीच खोक्यात. तुमचा टेम्पो किती हवा वाहून नेतो, कधी मोजलंय?

"आम्ही सागवानच वापरतो" म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: चीक संपलेली रबराची झाडं एकेकाळी चुलीत जात. तोडल्यावर लगेच कीड-बुरशी रोखणारी बोरॉनची प्रक्रिया करून भट्टीत वाळवायला लागल्यावर त्याच लाकडाच्या फर्निचरवर मलेशियाने मोठी निर्यात उभी केली. मात्र अख्खा ट्रक मागवू नका. आधी चार खुर्च्या करा, त्यातल्या दोन स्वतःच्या कँटीनमध्ये ठेवा आणि एक पावसाळा जाऊ द्या.