कोणते मल्हारराव, कोणते तुकोजीराव? होळकरांवर लिहिताना या चुका टाळा

इंदूरच्या मराठी मंडळांच्या स्मरणिका, जयंतीचे फलक आणि शालेय निबंध यांत होळकरांविषयी लिहिताना सर्वाधिक घोटाळा नावांचा होतो. त्याचे मूळ या घराण्याच्या नामकरणाच्या रीतीतच आहे. कुलदैवत खंडोबा असल्यामुळे मल्हार, खंडेराव आणि मार्तंड ही एकाच देवाची नावे पुन्हा पुन्हा ठेवली गेली, आणि त्यात आजोबांचे नाव नातवाला देण्याची पद्धत मिसळली. खंडोजींचे पुत्र मल्हारराव आणि मल्हाररावांचे पुत्र पुन्हा खंडेराव. दुसऱ्या तुकोजीरावांचे पुत्र शिवाजीराव आणि शिवाजीरावांचे पुत्र तिसरे तुकोजीराव.

पहिली चूक म्हणजे नावापुढच्या क्रमांकावर विसंबणे. 1811 ते 1833 या काळात गादीवर असलेल्या मल्हाररावांना काही ग्रंथ ‘द्वितीय’ म्हणतात, तर काही ‘तृतीय’. पहिल्या तुकोजीरावांचे मल्हारराव नावाचे एक पुत्र 1797 मध्ये पुण्यात दौलतराव शिंद्यांच्या फौजेकडून मारले गेले. त्यांना मोजणारे पुढच्या मल्हाररावांना तिसरे ठरवतात, न मोजणारे दुसरे. दोन पुस्तकांतून टिपणे काढून एकत्र लिहिणाऱ्याच्या हातून येथे एका माणसाचे सहज दोन होतात. म्हणून क्रमांक द्यायचाच असेल, तर त्यासोबत कारकिर्दीची वर्षे आणि वडिलांचे नाव अवश्य द्यावे. 1766 मध्ये आलमपूर येथे निवर्तलेले सुभेदार मल्हारराव हे खंडोजींचे पुत्र, आणि इंग्रजांविरुद्धच्या 21 डिसेंबर 1817 च्या महिदपूरच्या लढाईच्या वेळी अवघ्या अकरा वर्षांचे असलेले मल्हारराव हे यशवंतरावांचे पुत्र, एवढे लिहिले की वाचकाच्या मनात शंका उरत नाही. त्या लढाईनंतरचा इंग्रजांशी झालेला जानेवारी 1818 चा मंदसोरचा तह थोरल्या मल्हाररावांच्या नावावर टाकणारा लेख या एका ओळीने चुकीतून वाचला असता.

अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव यांचे नाव ‘मल्हारराव’ असे ‘सुधारून’ छापणे ही मुद्रितशोधकांची आवडती चूक आहे. आजोबांच्या निधनानंतर गादीवर आलेले मालेराव 1767 मध्ये वारले. ते नाव जसे आहे तसेच राहू द्यावे.

तुकोजीरावांच्या बाबतीत काळाचे अंतर मोठे असूनही गल्लत होते, याचे नवल वाटते. पहिले तुकोजी हे अहिल्याबाईंच्या काळचे सेनानी. त्यांचा उल्लेख मल्हाररावांचे पुत्र म्हणून होत असला, तरी ते त्यांचे पोटचे पुत्र नव्हते, आणि ‘अहिल्याबाईंचे दीर’ असे लिहिण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. दुसऱ्या तुकोजीरावांची कारकीर्द 1844 ते 1886. 1857 च्या उठावाच्या वेळी गादीवर तेच होते, आणि खंडवा ते इंदूर रेल्वेसाठी साडेचार टक्के व्याजाने, 101 वर्षांच्या मुदतीने इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज देणारेही तेच. इंदूरमधील कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपैकी, म्हणजे समाधी-स्मारकांपैकी, एक त्यांची आहे. 1925 च्या मुंबईतील व्यापारी बावला यांच्या खुनाच्या प्रकरणानंतर 1926 मध्ये गादी सोडणारे मात्र तिसरे तुकोजीराव. नातवाच्या माथीचा ठपका आजोबांवर आणि आजोबांच्या रेल्वेचे श्रेय नातवाला, असा अन्याय एकाच परिच्छेदात घडू शकतो.

यशवंतरावांच्या बाबतीत फसवतात ती चित्रे. हडपसरच्या लढाईत 25 ऑक्टोबर 1802 रोजी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव करणारे यशवंतराव 1811 मध्ये भानपुरा येथे वारले; तेव्हा छायाचित्रणकला अस्तित्वातच नव्हती. त्यामुळे त्यांच्या नावाखाली छायाचित्र दिसले, तर ते त्यांचे असूच शकत नाही. अधिक अवघड प्रकरण तैलचित्रांचे आहे. बर्नार्ड बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने इंदूरचा माणिकबाग राजवाडा बांधणाऱ्या दुसऱ्या यशवंतरावांची (तिसऱ्या तुकोजीरावांच्या पुत्राची) दोन प्रसिद्ध चित्रे काढली: एकात ते पाश्चात्त्य पोशाखात आहेत, तर दुसऱ्यात पांढऱ्या मराठी वेषात, पगडी घालून, गळ्यात नासपतीच्या आकाराचे दोन टपोरे हिरे ल्यालेले. हे दुसरे चित्र पाहून कोणालाही अठराव्या शतकाचा भास व्हावा, परंतु ते 1930 च्या दशकातले आहे.

शेवटी घराण्याचे नाव गाळू नये. कुंभेरच्या वेढ्यात 1754 मध्ये पडलेले खंडेराव होळकर, 1729 मध्ये वारलेले सेनापती खंडेराव दाभाडे आणि 1856 ते 1870 या काळात बडोद्यावर राज्य करणारे खंडेराव गायकवाड यांना ‘खंडेराव महाराज’ या एका शब्दप्रयोगात कोंबता येत नाही. ‘इंग्रजांनी 1875 मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले’ असे वाक्य आढळले, तर ते गायकवाड आहेत, आणि त्यांच्यानंतर गादीवर आलेले दत्तक वारस म्हणजे तिसरे सयाजीराव.