कोंबडा उडाला, बार वाया गेला: फेझंटच्या शिकारीत या चुका टाळा

अमेरिकेतल्या साउथ डकोटात ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी दहाला फेझंटचा सीझन उघडतो आणि सव्वादहापर्यंत राज्यभरातल्या मक्याच्या शेतांत बऱ्याच जणांची तोंडं पडलेली असतात. फेझंट म्हणजे कोंबडीच्या कुळातला रानपक्षी, त्याच्या नराला शिकारी कोंबडाच म्हणतात. पक्षी काही चिमणीएवढा नाही. लालबुंद चेहरा, गळ्यात पांढरं कडं, तांबूस छाती, शेपटीसकट लांबी अडीच-तीन फूट. पायाजवळून धाडकन उठतो, वर ओरडत उठतो, म्हणजे दिसला नाही असं म्हणायचीही सोय नाही. तरी तीन-तीन बार वाया जातात आणि तो शेजारच्या शेतात जाऊन बसतो. मग कारणं सुरू होतात: ऊन डोळ्यांत होतं, काडतुसं जुनी होती, मेव्हण्याची बंदूक होती. नाचता येईना, अंगण वाकडे.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी. हे सगळं अमेरिकेतल्या शिकारीबद्दल आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे; गावाकडे तितर-लाव्यावर बार टाकायची हौस मनातही आणू नका. दुसरी गोष्ट इथे नोकरीनिमित्त आलेल्यांसाठी. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगायला मुळात मनाई आहे आणि वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला अपवाद. म्हणून मित्राची बंदूक ‘जरा बघू’ म्हणून हातात घेण्याआधी लायसन्स खिशात हवं. मिनेसोटात तर १९७९ नंतर जन्मलेल्यांना फायरआर्म सेफ्टीचं सर्टिफिकेटही लागतं.

शेपटीची शिकार

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. नराच्या लांबीत निम्म्याहून जास्त नुसती शेपूट असते. डोळा आख्खा पक्षी बघतो, हात त्या पक्ष्याच्या मध्यावर नळी नेतो आणि तो मध्य नेमका शेपटीच्या बुडाशी येतो. त्यात पक्षी पुढे सरकतोय. पूर्ण वेगात आलेला फेझंट ताशी साठ-पासष्ट किलोमीटरने जातो. तीस यार्डांवर छर्रे पोचायला सेकंदाचा साधारण दहावा भाग लागतो आणि तेवढ्यात आडवा चाललेला पक्षी पाच-सहा फूट पुढे गेलेला असतो. मागे हवेत दोन लांब पिसं गिरक्या घेत खाली येतात. टोळीतलं कोणीतरी ती उचलून तुमच्या टोपीत खोचतं आणि दिवसभर ती काढायची परवानगी नसते.

उपाय सोपा आहे, अंगवळणी पडायला वेळ लागतो. पक्षी बघूच नका, गळ्यातलं पांढरं कडं बघा. नळी पक्ष्याच्या मागून आणा, शेपूट, अंग, चोच असं ओलांडत पुढे न्या, चोच मागे पडली की चाप. आणि चाप ओढल्यावरही नळी फिरती ठेवा. बार झाला की हात थांबवायची खोड जवळजवळ सगळ्यांना असते. खरं तर हात बाराच्या क्षणभर आधीच थांबलेला असतो आणि तिथेच सगळं मागे पडतं.

नेम धरणं

नेम धरला म्हणून हुकतं, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण या शिकारीतली शॉटगन, म्हणजे एका बारात मूठभर छर्रे फेकणारी बंदूक, ही रायफल नव्हे. तिचा नेम बोट दाखवल्यासारखा धरायचा असतो. ज्याने एक डोळा मिटून नळीच्या टोकावरचा मणी पक्ष्यावर बसवायला घेतला, त्याची नळी जागच्या जागी खिळली. आपल्या इंजिनियर मंडळींना हा रोग जास्त. वरचे पाच-सहा फूट वाचून कोणी मनात गणित मांडायला लागला की समजावं, कोंबडा आज सुखरूप घरी जाणार. ते आकडे फक्त आपण मागे का पडतो ते कळावं म्हणून. शेतात ते विसरायचे. डोळे दोन्ही उघडे, नजर पक्ष्यावर, मणी अंधुक दिसला तरी चालतो.

त्यालाच जोडून गालाचं प्रकरण. शॉटगनला मागची साइट (नेम साधायची खाच) नसते, तुमचा डोळाच मागची साइट. लागला का ते बघायला बार व्हायच्या आधीच मान वर काढली की डोळा वर जातो आणि छर्रे पक्ष्याच्या डोक्यावरून. गाल दस्त्याला चिकटलेला हवा, पक्षी पडेपर्यंत किंवा नजरेआड होईपर्यंत.

एवढं सगळं करूनही बार सतत एकाच बाजूला जात असेल तर डोळे तपासा. उजव्या खांद्यावरून बंदूक चालवणाऱ्या अनेकांचा प्रबळ डोळा डावा असतो आणि त्यांना ते माहीतच नसतं. दोन्ही हात लांब करून तळव्यांची एक छोटी खिडकी करा, त्यातून लांबची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी बघा, मग आळीपाळीने एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू खिडकीतच दिसत राहते तो तुमचा प्रबळ डोळा. उलटा निघाला तर चष्म्याच्या डाव्या काचेवर बघायच्या रेषेत चिकटपट्टीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा लावा. दिसायला वेंधळं दिसतं. पण त्यावर हसणाऱ्यांचे बार मोजत जा, मजा येते.

घाई, आणि तीही पायाजवळच्या पक्ष्याची

कोंबडा आठ-दहा पावलांवर उठतो तेव्हा त्या फडफडाटाने छातीत धस्स होतं आणि बोट आधी, डोकं नंतर चालतं. चोक म्हणजे नळीच्या तोंडाची चिंचोळी जागा, ती जितकी आवळ तितके छर्रे कमी पसरतात; सगळ्यात आवळ फुल. फुल चोकमधून दहा यार्डांवर छर्ऱ्यांचा पसारा जेमतेम नऊ-दहा इंच असतो. म्हणजे हुकण्याची शक्यता प्रचंड, आणि चुकून लागलाच तर खाण्याजोगं काही उरत नाही. त्यात उठताना तो जवळजवळ सरळ वर चढतो, त्यामुळे घाईचे बार खालून जातात. चढाई संपवून तो आडवा होतो त्या वेळी वीस-पंचवीस यार्डांवर असतो. बार तिथे टाकायचा. चोकही त्या हिशेबाने निवडा. सीझनच्या सुरुवातीला इम्प्रूव्हड सिलिंडर हा सैल चोक पुरतो; डिसेंबरात शहाणे झालेले पक्षी लांबून उठतात तेव्हा मधला, मॉडिफाइड. फुल चोक घरी ठेवलात तर फारसं बिघडत नाही.

पाय मात्र बंदूक उचलण्याआधी लावायचे. पक्षी उजवीकडून डावीकडे गेला आणि तुमचे पाय तिसऱ्याच दिशेला असले तर कंबर निम्म्यात अडते आणि नळीही. डावा पाय जिथे पक्षी पडायला हवा त्या दिशेला टाका (डावखुऱ्यांनी उजवा), मग बंदूक खांद्याला.

थांबलात की उठतो

फेझंट उडण्यापेक्षा पळण्यात हुशार. तुम्ही चालत असता तोवर तो पुढे पुढे सरकत राहतो किंवा गवतात दडून बसतो. तुम्ही थांबलात की त्याला वाटतं, आपण सापडलो. म्हणून तो नेमका तेव्हा उठतो जेव्हा बंदूक काखेत असते, एका हातात थर्मासचं झाकण, किंवा माणूस आडोसा बघून पॅंटची चेन उघडून उभा. आमच्या टोळीतल्या एका काकांनी त्या अवस्थेत डाव्या हाताने बंदूक उचलायचा प्रयत्न केला होता. कोंबडा गेला, बंदूक उचलली गेलीच नाही, आणि पुढचं वर्णन इथे करण्यासारखं नाही.

हाच स्वभाव वापरून घ्या. चालताना मध्येच मुद्दाम थांबा, पण तयारीनिशी: दोन्ही हात बंदुकीवर, पाय लागलेले. शेताच्या कडेच्या शेवटच्या दहा-वीस पावलांवर तर सावध राहाच, कारण पळून पळून पक्षी तिथेच जमलेले असतात आणि नेमके तिथेच सगळे गप्पांना लागतात.

इतर पक्षी, इतर फजित्या

जॉर्जिया-टेक्ससच्या बॉबव्हाइट लाव्यांचा दहा-पंधरांचा थवा एकदम फुटतो आणि माणूस थव्यावर बार टाकतो. एवढ्यात एखादा तरी लागेल असं वाटतं. एकही लागत नाही. पक्ष्यांपेक्षा मधली हवाच जास्त असते. एक पक्षी निवडा आणि शेजारून दुसरा कितीही सोपा जात असला तरी तोच धरा.

मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या जंगलातला रफ्ड ग्राउस हा पक्षी उठताक्षणी झाडामागे जातो, त्यामुळे इथे कोणी किती ॲस्पेनची झाडं मारली याचीच मोजदाद होते. ग्राउसपुरता घाईचा वरचा नियम विसरा.

आणि चकोर. कवितेत चांदणं पिणारा हा पक्षी १८९३ मध्ये कराचीहून अमेरिकेत आणला गेला आणि आज नेवाडा-आयडाहोच्या उभ्या खडकाळ डोंगरांत माणसांचा घाम काढतो. चढावर पळत जातो, उतारावर उडत जातो. खाली झेपावणाऱ्या पक्ष्यावर सगळ्यांचे बार वरून जातात, म्हणून नळी त्याच्या पायांखाली ठेवा. चकोराच्या शिकारीला पहिल्यांदा मजा म्हणून जातात आणि नंतर सूड घ्यायला, असं तिकडचे लोक म्हणतात.

बंदूक गप्प राहिली तर

चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर बहुतेक वेळा सेफ्टी (चाप अडवणारी कळ) चढलेली असते. बंदूक खांद्याकडे जात असतानाच अंगठ्याने ती काढायची सवय घरी, रिकाम्या बंदुकीवर करा. आणि ज्या जाड हातमोज्यांत ती सापडत नाही ते शेतात वापरू नका. कुंपण ओलांडताना काडतुसं काढणं बरोबरच आहे, पलीकडे गेल्यावर पुन्हा भरायला विसरणं हा मात्र दरवर्षीचा विनोद. पंपाची बंदूक (नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस चढवायची) असेल तर तो घाबरून अर्धवट मागे ओढला जातो आणि दुसरं काडतूस चढतच नाही. ओढायचा तर कचकचून. दस्ता कोटाच्या काखेत अडकत असेल तर बंदूक आधी थोडी पुढे ढकला, मग खांद्यावर घ्या.

कडाक्याच्या थंडीत नुसता ‘टक्’ आवाज आला तर आत तेल घट्ट झालेलं असू शकतं. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, कधीकधी बार उशिरा होतो. मग काडतूस काढा. थंडीला तेल अगदी पातळ हवं.

एक चूक अजिबात हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गेज म्हणजे नळीच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक. वीस गेजचं काडतूस बारा गेजच्या नळीत गेलं तर पुढे घसरून अडकतं आणि मागून बाराचं भरून चाप ओढला तर नळी फुटते. म्हणूनच वीसची काडतुसं पिवळी असतात. दोन्ही प्रकार एका खिशात कधीही नकोत.

जो बार टाकायचाच नाही

११ फेब्रुवारी २००६ ला दक्षिण टेक्ससमधल्या एका रँचवर तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी लाव्यामागे बंदूक फिरवत वळले आणि छर्रे ७८ वर्षांच्या वकील हॅरी व्हिटिंग्टन यांच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि छातीत घुसले. व्हिटिंग्टन वाचले. पक्ष्यावर खिळलेली नजर बाकीचं जग पुसून टाकते, ती अशी. म्हणून रांगेत चालताना आपला कोन आधीच ठरवा आणि पक्षी शेजाऱ्याच्या अंगावरून जात असेल तर नळी आकाशाकडे. पक्ष्याखाली आभाळ दिसत नसेल तरी बार नाही, कारण खाली कुत्रा उडी मारत असतो. मादी फेझंट मारणं साउथ डकोटात बेकायदा आहे आणि नरही रोज माणशी तीनच. समोर ऊन असेल आणि रंग कळत नसेल तर सोडून द्या. ‘हेन, हेन!’ (मादी, मादी!) असं ओरडणाऱ्याचं ऐका, मग तो कोंबडा निघाला तरी बेहत्तर.

हुकला, की लागला?

प्रत्येक हुकलेला बार खरंच हुकलेला नसतो. पाय लोंबकळताना दिसले, उडताना अंग क्षणभर हेलकावलं, किंवा थव्यातून एकटाच वेगळा फुटला, तर तो जखमी आहे असं धरून चाला. काही पक्षी दोनशे यार्ड उडून मग कोसळतात, म्हणून नजरेआड होईपर्यंत बघत राहा. दुसऱ्या पक्ष्यावर बार टाकायचा मोह आवरा. पडलेल्या जागेच्या रेषेत दूरचं झाड किंवा खांब मनात पक्का करा, सरळ चालत जा आणि तिथे टोपी ठेवा. कुत्रा असेल तर त्याला वाऱ्याच्या खालच्या बाजूने सोडा आणि तुम्ही पायाने गवत तुडवत वास बिघडवू नका. कुत्रा नसेल तर टोपीभोवती घेर वाढवत शोधा. पंख मोडलेला कोंबडा पडल्या जागी थांबत नाही, पळतो; तेव्हा आधी जवळचा ओढा आणि कुंपणाकडेचं दाट गवत बघा.